काडी ओढण्याआधीचा अर्धा तास

हिमाचल प्रदेशातल्या किन्नौर जिल्ह्यातील चितकुल हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४५० मीटर उंचीवर, बास्पा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. दिवाळी झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी, माझी भाची आणि ठाण्यातल्या आमच्या नौपाड्यातील दोन जुने सोबती असे चौघे जण या गावाच्या वरच्या अंगाला, कुट्टूचे पीक कापून मोकळ्या झालेल्या एका शेतात, शेतमालकाच्या परवानगीने तंबू ठोकून तीन रात्री राहिलो. पहिल्या संध्याकाळी सूर्य डोंगराआड गेला आणि अर्ध्या तासात पारा शून्याखाली उतरला. आमच्याजवळ ठाण्याहून नेलेली लाकडावर चालणारी छोटी शेगडी होती, शेतमालकाकडून विकत घेतलेले सफरचंदाच्या छाटणीचे भाराभर जळण होते, दोन लायटर आणि तीन काडेपेट्या होत्या, आणि ठाण्यात दोन महिने केलेला सराव होता. एवढे सगळे असूनही पन्नास मिनिटांच्या खटपटीनंतर हाती आला तो केवळ धूर. त्या रात्री आम्ही चिवडा आणि गूळपोळ्या खाऊन, थर्मासमधल्या उरल्यासुरल्या कोमट पाण्यावर भागवून झोपलो.

दुसऱ्या संध्याकाळी मात्र तीच शेगडी, तेच जळण आणि तीच माणसे असताना जाळ पाच-सहा मिनिटांत स्थिर झाला. मधल्या चोवीस तासांत आम्ही जे पाहिले, जे विचारून घेतले आणि जे चुकले म्हणून कबूल केले, ते सविस्तर लिहून ठेवावे असे तेव्हापासून मनात होते. थंडीत आणि उंचीवर शेगडी पेटवण्याचे काम काडी ओढल्यावर सुरू होत नाही. काडी ओढण्याच्या आधीच ते जवळजवळ पुरे झालेले असावे लागते. हे मला त्या शेतात कळले, आणि पुढे लिहिलेले सगळे त्याचाच तपशील आहे.

लाकडाची शेगडी नेण्यामागे आमची कारणे साधी होती. रेल्वेच्या डब्यातून गॅसची डबी किंवा रॉकेल नेता येत नाही आणि विमानातूनही गॅस नेण्यास मनाई आहे, त्यामुळे इंधन तिकडे पोचल्यावरच शोधावे लागते. डबीत ब्युटेनचे प्रमाण जास्त असेल तर आणखी एक अडचण येते. समुद्रसपाटीच्या दाबाला ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने हा आकडा आणखी खाली जातो हे खरे, पण पहाटेच्या उणे आठ-दहा अंशांत डबीतला दाब इतका थोडा उरतो की ज्योत मलूल होते आणि पातेलेभर पाण्याला आधण येता येत नाही. लाकडाला ही अडचण नाही. त्याच्या अडचणी वेगळ्या आहेत, आणि त्या बहुतेक माणसाच्या हातात आहेत, म्हणूनच मला ती शेगडी आवडते.

शेगडी मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका लहानशा गाळ्यात, स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याची करून घेतली होती. चार इंच व्यासाचा एक डबा पाच इंच व्यासाच्या दुसऱ्या डब्यात बसवलेला आहे आणि दोन्हींच्या मध्ये चहूबाजूंनी अर्ध्या इंचाची पोकळी आहे. खालच्या भोकांतून आत आलेली हवा दोन वाटांनी जाते. काही हवा जाळीखालून थेट लाकडाला मिळते. उरलेली त्या पोकळीतून वर चढते, चढताना तापते आणि आतल्या डब्याच्या काठाजवळच्या बारीक भोकांतून पुन्हा आत शिरते. लाकूड तापले की त्यातून जो धूर निघतो तो खरे तर न जळलेले इंधन असते, आणि वरच्या भोकांतून आलेली ही गरम हवा त्या धुरालाच पेटवते. शेगडी लागली की काठाच्या प्रत्येक भोकापाशी एक-एक छोटी ज्योत उभी राहते आणि धूर जवळजवळ दिसेनासा होतो. हे दृश्य मी कितीतरी वेळा पाहिले आहे, तरी दर वेळी चार क्षण थांबून पाहते.

सरावासाठी सोसायटीच्या गच्चीचा एक कोपरा मिळाला. सेक्रेटरींकडून लेखी परवानगी घेतली, पाण्याची बादली आणि वाळूचे घमेले शेजारी ठेवले, आणि शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे उतरल्यावरच बसायचे असा नियम केला. येऊरला जाऊन पेटवण्याचा विचार आम्ही कधीच केला नाही, कारण येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे ठिणगीसुद्धा पाडू नये. पावसाळा सरत आला होता. ठाण्याच्या त्या दमट हवेत लाकूड घरात ठेवले तरी ओल धरते. हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्के असताना वाळलेले लाकूडही आपल्या वजनाच्या सोळा ते वीस टक्क्यांपर्यंत पाणी ओढून घेते. त्या मानाने हिमालयातली शरदातली कोरडी हवा लाकडाला फारच अनुकूल असते. त्यामुळे गच्चीवर शेगडी पेटली की आम्हाला वाटे, इथे जमले तर तिथे सहज जमेल.

याच दिवसांत भाचीने एक चांगला प्रयोग केला. काटक्यांच्या दोन जुड्या बांधून तिने त्या रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवल्या. एक जुडी कोरडी होती आणि दुसरीवर तिने पाणी शिंपडले होते. सकाळी गच्चीवर नेऊन दोन्ही पेटवल्या तेव्हा कोरडी जुडी फ्रीजरमधून काढलेली असूनही नेहमीप्रमाणे पेटली आणि ओली जुडी शेवटपर्यंत धुमसत राहिली.

यामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. लाकूड पेटण्यासाठी त्याचा पृष्ठभाग साधारण तीनशे अंशांच्या आसपास तापावा लागतो. उणे आठ अंशांवरच्या सुक्या लाकडाला तिथवर नेण्यासाठी ठाण्यातल्या तीस अंशांवरच्या लाकडापेक्षा जेमतेम सातवा हिस्सा जास्त उष्णता लागते. म्हणजे नुसती थंडी हा मोठा अडथळा नाही. पण शंभर ग्रॅमच्या काटकीत पंचवीस ग्रॅम पाणी असेल, तर ते पाणी तापवून त्याची वाफ करण्यातच सुमारे ६५ किलोज्यूल उष्णता खर्च होते, आणि उरलेले पंचाहत्तर ग्रॅम लाकूड पेटण्याइतके तापवायला तीसेक किलोज्यूल पुरतात. पाण्याचा वाटा लाकडाच्या दुप्पट झाला. ते पाणी गोठलेले असेल तर आधी ते वितळवण्याची उष्णता वेगळी. काडीच्या किंवा लायटरच्या इवल्याशा ज्योतीजवळ एवढे भांडवल नसते. तिने दिलेली सगळी ऊब पाणी खाऊन टाकते आणि लाकूड पेटण्याच्या पायरीपर्यंत येतच नाही.

हा हिशेब ठाण्यात कळला होता आणि चितकुलला पोचल्यावर आम्ही तो पाळला नाही. जळणाचा भारा दुपारीच शेतात आणून तंबूशेजारी उघड्यावर टाकला. सूर्य कलल्यावर त्यावर दहिवर पडले आणि ते गोठले. हातात घेतलेली प्रत्येक फांदी खरखरीत लागत होती आणि तळहाताच्या उबेने ओली होत होती. शेगडी गोठलेल्या मातीवर तशीच मांडली. लाकडे तोंडापर्यंत ठासून भरली आणि जाळ खालून लावला, म्हणजे सगळ्यात थंड पत्रा आणि सगळ्यात थंड हवा जिथे होती तिथेच सगळ्यात दुबळी ज्योत ठेवली. लायटर सामानाच्या बाहेरच्या कप्प्यात राहिल्याने इतका गारठला होता की त्यातून ठिणगी पडे पण गॅस येत नसे. आणि या सगळ्यावर उपाय म्हणून आम्ही आळीपाळीने जोरजोरात फुंकत राहिलो. तेवढ्या उंचीवर सलग दहा-बारा फुंकरी मारल्या की डोळ्यांपुढे अंधारी येते. शिवाय आपल्या उच्छ्वासात ओल असते, आणि विरळ हवेत कसाबसा धरलेला अंगार त्या झोताने विझतो. आमच्यातल्या एका सोबत्याला गरगरून खाली बसावे लागले तेव्हा मी प्रयत्न थांबवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतमालकांनी चहाला घरी बोलावले. हिमाचलात घराच्या मधल्या खोलीत लोखंडी पत्र्याची जी बंद शेगडी असते तिला तिकडे तंदूर म्हणतात; तिचा नळ छतातून बाहेर काढलेला असतो, तिच्यावर पाणी तापते, स्वयंपाक होतो आणि तिच्याभोवती सगळे घर बसते. आम्ही गेलो तेव्हा घरातल्या आजी तो तंदूर पेटवत होत्या, आणि मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले. त्यांनी आधी कालची राख ओढून काढली, पण सगळी नाही. तळाशी बोटभर थर राहू दिला. मग नळाच्या तोंडाशी देवदाराच्या दोन पातळ सालप्या पेटवून धरल्या. आतला धूर क्षणभर खोलीत आला, घुटमळला, आणि मग एकदम नळात ओढला गेला. तेवढे झाल्यावरच त्यांनी खाली जाळ लावला. शेजारच्या टोपलीतले जळण रात्रभर तंदूराजवळच ठेवलेले होते.

ते पाहताना मला आमच्या नौपाड्यातल्या जुन्या घराचा बंब आठवला. तांब्याचा तो बंब माझी आजी रोज पहाटे पेटवत असे. मधल्या नळीतली राख पाडायची, खालचे तोंड मोकळे करायचे, आधी एखादी पेटती झिलपी वरून नळीत सोडायची आणि बंबाने ओढ धरली की मगच खालून करवंटीचे तुकडे सारायचे, हा तिचा क्रम होता. थंड नळीत थंड हवेचा बूच बसलेला असतो आणि तो ऊब देऊन आधी काढावा लागतो, हे तिला कोणी शिकवले होते की अनुभवाने उमगले होते, ते मी तिला कधी विचारले नाही. थंडीच्या दिवसांत, विशेषतः मार्गशीर्ष-पौषात, ती आदल्या रात्रीच करवंट्या आणि ढलप्या चुलीच्या वैलाशेजारी ठेवून द्यायची. किन्नौरमधल्या त्या आजी आणि माझी आजी यांचा क्रम तंतोतंत एक होता.

मी शेतमालकांना आदल्या रात्रीची हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि पहिला प्रश्न विचारला तो लाकूड रात्री कुठे ठेवले होते हा. सफरचंदाचे लाकूड घट्ट आणि जड असते, ते उशिरा पेटते पण त्याचे निखारे फार वेळ टिकतात, म्हणून त्याला पेटवायला हलके, राळेचे लाकूड सोबत लागते, असे त्यांनी समजावले. गावात एका घराचे सुतारकाम चालू होते; तिथून त्यांनी देवदारावर रंधा मारताना निघालेल्या पातळ, कुरळ्या सालप्यांची एक पिशवी आणून दिली आणि जळणाचा भारा दिवसभर उन्हात उभा करून संध्याकाळी चारच्या आत ताडपत्रीखाली घ्यायला सांगितले. गवताच्या गंजीपासून दूर बसा, हेही त्यांनी दोनदा बजावले. त्या दिवसांत गावात हिवाळ्यासाठी गवत साठवलेले असते, घरे लाकडी असतात, आणि एक ठिणगी उडाली तर काय होईल ते त्यांना सांगावे लागत नाही.

त्या दुसऱ्या संध्याकाळी आम्ही काडी ओढण्याआधी अर्धा तास नुसती तयारी केली. शेताच्या कडेची एक कोरडी, सपाट दगडी पाटी मांडून तिच्यावर शेगडी ठेवली, म्हणजे गोठलेली जमीन खालून ऊब ओढणार नाही. नदीपात्रातला दगड आम्ही मुद्दाम टाळला, कारण आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन असा दगड तडकून उडू शकतो. भोवतालचे वाळके गवत हातभर अंतरापर्यंत खरवडून काढले. सफरचंदाच्या अंगठ्याएवढ्या फांद्या बाहेरून कोरड्या दिसत असल्या तरी त्यांची साल ओल धरून होती, म्हणून सुरी फांदीच्या टोकावर ठेवून दुसऱ्या लाकडाने ठोकत आम्ही त्या उभ्या चिरल्या. आतला गाभा गालाला लावून पाहिला की ओल लगेच कळते, गार आणि दमट लागले तर तो तुकडा बाजूला टाकायचा. चिरलेल्या लाकडाचे तीन ढीग केले: काडेपेटीतल्या काडीएवढ्या झिलप्यांचा, पेन्सिलीएवढ्या काटक्यांचा आणि बोटाएवढ्या तुकड्यांचा. पहिला ढीग ओंजळभर तरी असावा. लोक इथेच कंजूषपणा करतात, चार-सहा झिलप्या काढून लगेच जाड लाकडाकडे वळतात, आणि माझ्या मते शेगडी न पेटण्याचे हे सगळ्यात मोठे कारण आहे.

शेगडी भरताना बोटाएवढे तुकडे उभे ठेवले, पण ठासले नाहीत. प्रत्येक दोन तुकड्यांतून काडी सहज सरकावी एवढी फट ठेवली आणि वरच्या भोकांच्या खाली दोन बोटे जागा सोडली. त्यावर पेन्सिलीएवढ्या काटक्या आडव्या, त्यावर झिलप्या आणि देवदाराच्या सालप्या, आणि सगळ्यात वर मधोमध एक फुलवात. जाळ या वेळी वरून लावला. वरून लावलेला जाळ हळूहळू खाली उतरतो, खालच्या लाकडाला आधी तापवून वाळवतो, आणि त्यातून निघणारा धूर पेटत्या थरातूनच वर येत असल्याने जळून जातो. शिवाय तळाचा थंड पत्रा सुरुवातीच्या नाजूक ज्योतीपासून दूर राहतो. वारा असेल तर मात्र वरची ज्योत उघडी पडते. सूर्यास्तानंतर खोऱ्यात थंड हवा वरून खाली वाहू लागते, तेव्हा आम्ही त्या बाजूला हातभर अंतरावर सामानाच्या पिशव्यांचा आडोसा केला आणि खालची भोके मोकळी ठेवली.

फुलवातीची कल्पना माझ्या भाचीची. देवघरात लावतो त्याच कापसाच्या फुलवाती, पण तुपाऐवजी वितळलेल्या मेणात बुडवून वाळवलेल्या. तुपातल्या फुलवातीही थंडीत छान घट्ट राहतात आणि उत्तम जळतात, परंतु तुपाच्या वासाने उंदीर सामान कुरतडतात. मेणाची एक फुलवात चार-पाच मिनिटे एकसारखी जळते, आणि त्या चार-पाच मिनिटांत झिलप्यांना पुरेशी ऊब मिळते. काडीची ज्योत पंधरा-वीस सेकंदांत संपते, म्हणून नुसत्या काडीवर विसंबू नये. वापरण्याआधी फुलवातीचे टोक चिमटीने विसकटून कापसाचे तंतू मोकळे करावे लागतात, नाहीतर मेणाच्या घट्ट गोळ्याला ज्योत लवकर धरत नाही. बोटे बधिर होण्यापूर्वी हे करून ठेवावे.

कापूरही आम्ही नेला होता आणि संकटकाळी तो फार कामाचा आहे, कारण तो ओलसर असला तरी पेट घेतो. पण तो उघडा राहिला तर हवेत उडून जातो. घरोघरी कापराच्या डबीत मिरे टाकून ठेवतात. माझ्या अनुभवाने डबीचे झाकण घट्ट असणे जास्त महत्त्वाचे आहे. त्याची काजळी भांड्याला धरते आणि त्याचा धूर नाकातोंडात जाऊ देऊ नये, म्हणून कापूर पूर्ण जळून गेल्यावरच पातेले ठेवावे. लायटर आणि एक काडेपेटी आम्ही दुपारपासून अंगातल्या आतल्या खिशात ठेवली होती. गारठलेला लायटर काखेत पाच मिनिटे धरला की त्यातला गॅस पुन्हा येऊ लागतो.

आता उंचीविषयी. चितकुलच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण पासष्ट टक्के असतो. हवेतले प्राणवायूचे प्रमाण तेच, सुमारे एकवीस टक्के, पण मुळात हवाच विरळ असल्याने प्रत्येक घोटात प्राणवायू कमी येतो. आपल्याला जशी धाप लागते तशी ज्योतीलाही लागते. थंड हवा दाट असते, त्यामुळे उणे आठ अंशांवरची तिथली हवा ठाण्यातल्या तीस अंशांवरच्या हवेच्या पाऊणपट भरते. शेगडीची ओढही याच प्रमाणात बदलते. बाहेरची हवा आणि आतली तापलेली हवा यांच्या दाटपणात जितका फरक, तितकी ओढ. उंचीवर दोन्ही हवा विरळ असल्याने तो फरक कमी होतो, थंडीने तो थोडा भरून निघतो, पण सगळा नाही. ठाण्याच्या गच्चीवर जी भोके पुरेशी होती ती तिथे अपुरी पडत होती, हे आमच्या लक्षात आले ते काठावरच्या ज्योती पिवळ्या, लांब आणि काजळी धरणाऱ्या झाल्या तेव्हा. त्यावर तिथल्या तिथे एकच उपाय होता, लाकूड कमी घालायचे आणि फटी मोठ्या ठेवायच्या. फुंकर मारायचीच असेल तर फुंकणीने, शेगडीच्या खालच्या भोकातून, हळू आणि लांब मारायची, आणि दोन फुंकरींच्या मध्ये दोन-तीन श्वास सावकाश घ्यायचे. आम्ही अॅल्युमिनियमची वीतभर नळी फुंकणी म्हणून नेली होती. पहिल्या रात्री ती पिशवीच्या तळाशी राहिली होती.

परत आल्यावर मी शेगडी पुन्हा वागळे इस्टेटमध्ये नेली आणि खालची आठ मिलिमीटरची भोके दहा मिलिमीटरची करून घेतली. व्यास थोडासा वाढला तरी भोकाचे क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होते. बाहेरून फिरणारी एक पत्र्याची पट्टीही बसवून घेतली, म्हणजे ठाण्यात ती भोके अर्धी झाकता येतात आणि वर गेल्यावर पूर्ण उघडता येतात.

पाणी किती आणि लाकूड किती, हे आधी ठरवलेले बरे. त्या उंचीवर पाणी ८८ ते ८९ अंशांनाच उकळते. एक लिटर गार पाण्याला आधण आणायला, शेगडीची बरीचशी आच वाया जाते हे धरून, सव्वाशे ग्रॅम सुके लाकूड हिशेबाने पुरते. प्रत्यक्षात मी त्याच्या दुप्पट लाकूड चिरून शेजारी ठेवते, कारण जाळ लागल्यावर उठून लाकूड चिरत बसलो की तेवढ्यात तो पडतो. बर्फ वितळवून पाणी करायचे असेल तर खर्च जवळजवळ दुप्पट होतो. नुसते बर्फाचे पाणी करायलाच ते पाणी पुढे उकळीपर्यंत नेण्याइतकी उष्णता लागते. पातेल्यात तळाला थोडे पाणी घेऊन मग त्यात बर्फ टाकत जावे, नाहीतर भांडे करपते. तुरीची डाळ त्या उकळीत शिजत नाही. लहान कुकर नसेल तर मुगाच्या डाळीची खिचडी, पिठले किंवा रव्याचा सांजा असेच काही ठरवावे. आमच्याजवळ दीड लिटरचा कुकर होता आणि त्या रात्री आम्ही मेतकूट घालून मऊ भात खाल्ला.

एक गोष्ट मी हात जोडून सांगेन. कितीही थंडी असो, ही शेगडी तंबूत किंवा तंबूच्या पडवीत पेटवू नये, आणि विझत आलेले निखारे ऊब म्हणून आत घेऊ नयेत. जळत्या लाकडातून आणि निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. उंचीवर रक्तात आधीच प्राणवायू कमी असतो. डोके दुखणे, मळमळणे, सुस्ती येणे ही या विषबाधेची लक्षणे उंचीच्या त्रासासारखीच असल्याने माणसाला संशयही येत नाही आणि तो झोपी जातो. दर हिवाळ्यात उत्तरेकडे बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या येतात. सफरचंदाचे निखारे तासन्‌तास टिकतात, म्हणून मला ही भीती जास्तच वाटते. नळ बाहेर काढलेली तंबूची शेगडी वेगळी असते, पण तिलाही हवा येण्याची वाट आणि जागे राहणारा एक माणूस हवाच.

जळण कुठून आणायचे, हा प्रश्न मला शेगडीइतकाच महत्त्वाचा वाटतो. चितकुल आणि रकछम या गावांच्या भोवतीचा प्रदेश अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात आग लावण्यास मनाई आहे. वृक्षरेषेजवळ, म्हणजे जिच्या वर झाडे उगवत नाहीत त्या उंचीजवळ, वाढणारे ज्युनिपरचे सूचिपर्णी झुडूप आणि भोजपत्राचे झाड फार सावकाश वाढते; मनगटाएवढ्या जाडीची ज्युनिपरची फांदी आपल्यापेक्षा वयाने मोठी असू शकते. भोजपत्राची साल झटकन पेटते हे खरे आहे, आणि नेमके त्यामुळेच ती सोलून नेणाऱ्यांनी या झाडांची दैना केली आहे. उत्तराखंडात २०१८ साली उच्च न्यायालयाने बुग्याळांवर, म्हणजे डोंगरमाथ्यांवरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामालाच बंदी घातली. म्हणून आमचा नियम असा आहे की शेगडी फक्त खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने पेटवायची, आणि जळण विकत घ्यायचे. किन्नौरमध्ये हिवाळ्याच्या शेवटी सफरचंदाच्या बागांची छाटणी होते. त्या फांद्या उन्हाळाभर वाळून शरदात अगदी तयार असतात. असे जळण जिथे मिळत नाही तिथे आम्ही लाकडाची शेगडी नेत नाही.

शेवटच्या दिवशी पहाटे तापमापक उणे आठ दाखवत होता. भाची माझ्या आधी उठली होती. आदल्या रात्रीच चिरून ठेवलेले तिन्ही ढीग तिने ताडपत्रीखालून काढले, झिलप्यांची पुरचुंडी तर ती उशाशीच घेऊन झोपली होती. शेगडी भरून तिने फुलवातीचे टोक विसकटले, खिशातली काडेपेटी काढली आणि एकच काडी ओढली. मेण आधी वितळून चकाकले, मग ज्योत उभी राहिली, सालप्या कडेने काळ्या पडून वळल्या आणि एकामागोमाग एक पेटत गेल्या. तिने फुंकर मारली नाही. दोन्ही हात गुडघ्यांत घेऊन नुसती बघत बसली. साधारण सहाव्या मिनिटाला काठाच्या भोकांतून पहिल्या तीन ज्योती दिसल्या, आणि मग गोल पुरा झाला.

“मावशी, पाणी ठेव,” ती म्हणाली.

चहा होईपर्यंत शेतमालक गुरांना सोडायला तिकडे आले. त्यांना कपभर चहा दिला. निघताना आम्ही निखाऱ्यांवर पाणी ओतून, राख हाताने चाचपून ती थंड झाल्याची खात्री करून घेतली आणि ती कुठे टाकावी असे त्यांना विचारले. त्यांनी पिशवी पुढे केली आणि ती सगळी राख सफरचंदाच्या झाडांच्या बुंध्याशी घालायला घेऊन गेले.